लकडी पुलावर लाकूड कुठंय?

पुण्यात डेक्कनवरून अलका टॉकीज चौकाकडे जाताना मुठेवर जो पूल लागतो, त्याचं सरकारी नाव छत्रपती संभाजी पूल. हे नाव काही काल-परवाचं नाही. तरी रिक्षावाल्याला विचारा, हातगाडीवरच्या फळवाल्याला विचारा, कॉलेजच्या पोराला विचारा. सगळे लकडी पूलच म्हणणार. आणि त्या पुलात लाकडाची एक फळी नाही. पानिपतानंतर, 1761 साली, नानासाहेब पेशव्यांच्या काळात तिथं घाईघाईने लाकडी पूल घातला, असं सांगतात. तो केव्हाच गेला, त्या जागी दगडी आला, आणि आता त्या पुलाच्या डोक्यावरून मेट्रो जाते. मेट्रोचा सांगाडा चढत होता तेव्हा ‘विसर्जन मिरवणुकीचे रथ खालून जाणार कसे?’ यावर गावभर वाद झाला. महापालिकेच्या कागदांत तो वाद संभाजी पुलाचा होता, मंडळाच्या मांडवात मात्र लकडी पुलाचा.

तिथून थोडं खाली, शनिवारवाड्याकडून महापालिकेकडे जायला आणखी एक पूल आहे. 1923 साली तो वाहतुकीला खुला झाला तेव्हा त्याला मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचं नाव होतं, लॉइड ब्रिज. नंतर तो छत्रपती शिवाजी पूल झाला. लोकांनी दोन्ही नावं बाजूला ठेवली आणि म्हटलं ‘नवा पूल’. आता शंभरी उलटून गेली, तरी तो नवाच. पुण्यात म्हातारपण मान्य करायची पद्धत नाही, पुलालासुद्धा.

एकीकडे हे, आणि दुसरीकडे शिवाजीनगर. त्या गावाचं नाव भांबुर्डा होतं. आज तरुण पोरांना भांबुर्डा म्हटलं तर ते गाव कुठल्या तालुक्यात येतं असं विचारतील. म्हणजे एका ठिकाणी नवं नाव इतकं मुरलं की जुनं विसरलं, आणि दुसऱ्या ठिकाणी नवं नाव फलकावरून खाली उतरलंच नाही. असं का होतं? नामांतराच्या वादात आपण सहसा नाव कुणाचं असावं यावर भांडतो. नाव टिकेल की नाही हे मात्र भलत्याच गोष्टींवर ठरतं: ते तिकिटावर आलं का, बसच्या पाटीवर आलं का, आणि त्या जागेची खूण दुसरं काहीतरी आधीच झालेलं आहे का.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘इंग्रजांची नावं काढून आपली मूळ नावं आणली’ असं ऐकायला बरं वाटतं, पण पुण्यात मूळ शोधायला गेलात तर पायाखाली एकाखाली एक थर लागतात. वारांच्या नावांच्या पेठा आपल्याला अस्सल पेशवाई वाटतात. त्यांतल्या बऱ्याच जणींना आधी दुसरी नावं होती. सोमवार पेठ म्हणजे पूर्वीचं शहापूर. रविवार पेठेचं मलकापूर, शनिवार पेठेचं मुर्तझाबाद, शुक्रवार पेठेचं विसापूर. बुधवार पेठेची कथा जास्त रंजक. 1703 च्या सुमारास औरंगजेबाचा मुक्काम पुण्यात पडला होता, तेव्हा त्याच्या नातवाच्या नावावरून इथं मुहियाबाद वसलं. पेशवाईत त्याची बुधवार पेठ झाली आणि मुहियाबाद हे नाव इतिहासाच्या पुस्तकांपुरतं उरलं. सदाशिव पेठेच्या जागी नायगाव नावाचं खेडं होतं; पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचं नाव पेठेला दिलं गेलं. नाना पेठ आधी हनुमान पेठ होती. गुरुवार पेठेला तर विसाव्या शतकापर्यंत वेताळ पेठ म्हणत होते. पाहुण्याला पत्ता सांगताना वेताळाचं नाव घ्यायला रहिवाशांना जड जात असेल, हा माझा अंदाज.

तेव्हा पेशव्यांनी जे केलं तेही नामांतरच होतं. फरक इतका की पेठ नव्याने वसवली जायची: व्यापारी आणून बसवायचे, जकातीत सूट द्यायची, महाजन नेमायचा. नव्या नावाबरोबर नवी वस्ती यायची, म्हणून नाव रुजायचं. रिकाम्या हाताने नुसतं नाव दिलं असतं तर विसापूर अजून विसापूरच असतं.

इंग्रजांचं काम वेगळं. 1817 साली खडकीच्या लढाईनंतर पुणं त्यांच्या हाती आलं आणि शहराच्या पूर्वेला लष्कराची छावणी बसली. तीच आपली लष्कर, म्हणजे कॅम्प. पेठांच्या गल्ल्यांना त्यांनी फारसा हात लावला नाही. तिथली माणसं तिथल्या नावांनी चालत होती. स्वतःच्या वस्तीत मात्र त्यांनी विलायत उभी केली: मेन स्ट्रीट, ईस्ट स्ट्रीट, सेंटर स्ट्रीट, कॅनॉट रोड, स्टेव्हली रोड. यातली काही नावं माणसांची होती. कॅनॉटचा ड्यूक हा व्हिक्टोरिया राणीचा मुलगा, 1886 ते 1890 या काळात मुंबई इलाख्याच्या फौजेचा सेनापती. पण मेन, ईस्ट, सेंटर ही नावं नुसती नकाशा आखणाऱ्याच्या सोयीची. साहेबाचा धाक होता वगैरे आपण म्हणतो, पण कॅम्पातली निम्मी नावं पाहिली तर त्यांत धाक कमी आणि कंटाळा जास्त दिसतो. त्याच कॅम्पात लोक आपापली नावं ठेवत होते. लाल विटांचं ज्यूंचं सिनेगॉग 1867 साली उभं राहिलं, त्याचं लोकांनी केलं लाल देऊळ. साचापीर स्ट्रीट तर अर्धा इंग्रज, अर्धा पीर.

स्वातंत्र्यानंतर यांतले मोठे रस्ते बदलले. मेन स्ट्रीटचा महात्मा गांधी रस्ता झाला. ईस्ट स्ट्रीटला जनरल थिमय्यांचं नाव मिळालं; 1957 ते 1961 या काळात ते लष्करप्रमुख होते. कॅनॉट रोडला साधू वासवानींचं नाव मिळालं. फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेली माणसं पुण्यात स्थिरावली, वासवानींचं कार्यही इथं मूळ धरू लागलं, आणि त्या रस्त्यावरची गर्दीच बदलली. राणीच्या मुलाचं नाव पुसायला राग लागला असेल-नसेल, पण त्या ठिकाणी रोज नाव घेण्यासारखा माणूस राहत होता ही गोष्ट जास्त उपयोगी पडली.

यांत मेन स्ट्रीटचं नामांतर पक्कं बसलं, ईस्ट स्ट्रीटचं बसलं नाही. गांधींचं नाव ‘एमजी रोड’ असं दोन अक्षरांत मावलं, दुकानांच्या पिशव्यांवर आलं, बसवर आलं. ‘जनरल थिमय्या रोड’ म्हणायला तोंड दुखतं आणि त्याची आद्याक्षरं कुणी रूढ केली नाहीत. अन्याय आहे, पण आहे असा. म्हाताऱ्या इराण्याच्या काउंटरवर अजूनही मेन स्ट्रीट ऐकू येतो, तो अपवाद.

आता मंडईकडे वळू, कारण पुण्यातल्या नामांतरांत त्याहून गोष्टीवेल्हाळ काही नाही.

पुण्याची भाजी मंडई पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरायची. उघड्यावर, चिखलात. नगरपालिकेने ठरवलं की दगडी इमारत बांधायची: मधे अष्टकोनी मनोरा, बाजूंनी पसरलेले पंख. खर्च लाखांत. हे प्रकरण चर्चेत होतं तेव्हा जोतीराव फुले नगरपालिकेचे नेमलेले सदस्य होते. 1876 ते 1882 ही त्यांची मुदत. त्यांनी या खर्चाला विरोध केला. पालिकेच्या पैशाबद्दल त्यांचा हिशोब नेहमीच सरळ असे: आधी शाळा. 1880 साली व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये काढायचे ठरले, तेव्हाही त्यांनी आडकाठी घेतली आणि तो पैसा शिक्षणावर घाला म्हटलं. मंडई काही थांबली नाही. 1886 साली ती उघडली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिचं नाव पडलं रे मार्केट. पटांगणात बसणारे भाजीवालेही सुखासुखी हलले नाहीत, पण शेवटी हलले.

पुढे पन्नासेक वर्षांनी आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून आले. त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली आणि भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं. म्हणजे ज्या इमारतीवर पैसे उधळू नका असं फुले म्हणत होते, तिच्यावरच त्यांचं नाव लागलं. अत्र्यांना यातला उपरोध दिसला नसेल असं मला वाटत नाही. आणि एवढ्यावर भागत नाही: मंडईच्या दारात पुतळा आहे टिळकांचा, 1924 साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते अनावरण झालेला. नाव फुल्यांचं, पुतळा टिळकांचा, आत कोथिंबिरीची जुडी. हयातीत समाजसुधारणेच्या प्रश्नावर ज्यांचं एकमेकांशी जमणं शक्य नव्हतं, ती दोन माणसं एकाच इमारतीत गुण्यागोविंदाने नांदतायत.

लोक काय म्हणतात? मंडई. रे मार्केट असतानाही मंडई म्हणत होते, नंतरही मंडईच. मग नामांतराने झालं काय? रे मात्र पुरता गेला. नवं नाव जिभेवर पूर्ण चढलं नाही तरी जुनं काढून टाकायचं काम ते करू शकतं. वेलस्ली पुलाचंही तेच झालं. संगमावरच्या त्या पुलाला आज कुणी वेलस्ली म्हणत नाही, संगम पूल म्हणतात.

हे ठरवतं कोण? इथं बरेच लोक गोंधळतात, कारण ‘पुणे’ हे एका हातात नाही. शहरातले रस्ते, चौक, उद्यानं, पूल यांची नावं महापालिका ठरवते. नगरसेवक प्रस्ताव आणतो, तो नाव समितीकडे जातो, तिथून मुख्य सभेपुढे. मंजूर झाला की पाटी. कॅम्पाचा कारभार मात्र कँटोन्मेंट बोर्डाकडे राहिला आहे, आणि ते संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत, वेगळ्या कायद्याखाली चालतं. त्यामुळे लक्ष्मी रोडचं नाव आणि एमजी रोडचं नाव ही दोन वेगळ्या घरांतली प्रकरणं. अख्ख्या गावाचं किंवा शहराचं नाव बदलायचं असेल तर राज्य सरकारला दिल्लीतल्या गृह मंत्रालयाची हरकत नाही असं पत्र लागतं. रेल्वे स्टेशनालाही तेच. विद्यापीठासाठी कायद्यात दुरुस्ती करावी लागते. 2014 साली पुणे विद्यापीठाचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं ते असं.

यातून एक उघड गोष्ट निघते. चौकाचं नाव देणं हे सगळ्यांत स्वस्त राजकारण आहे. रस्ता करायला पैसा लागतो, ड्रेनेजला तर फारच. नावाला एक ठराव आणि एक संगमरवरी पाटी पुरते. म्हणूनच पेठांत दर पन्नास पावलांवर एक चौक आहे आणि प्रत्येक चौकाला नाव आहे. त्यांतली निम्मी नावं त्या चौकात राहणाऱ्यांनाही सांगता येणार नाहीत. उरलेली निम्मी ज्यांनी दिली, त्यांच्या वॉर्डापुरती चालतात.

आणि मग आहे महसूल खातं, ज्याने हे काही ऐकलेलंच नाही. जंगली महाराज रस्त्याच्या आसपास कुणाचा फ्लॅट असेल तर त्याने खरेदीखत काढून पाहावं. वर पत्ता छापलेला असतो: अमुक सोसायटी, शिवाजीनगर, पुणे. खाली मिळकतीच्या वर्णनात मात्र ‘मौजे भांबुर्डा, फायनल प्लॉट नंबर अमुक’. डेक्कनच्या पलीकडे गेलात की ‘मौजे एरंडवणे’. कर्वेनगरात ‘मौजे हिंगणे बुद्रुक’. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला खताचा गोषवारा, काढलं की तेच, प्रॉपर्टी कार्डावरही तेच. यात तहसीलदाराचा हट्ट नाही. जमिनीच्या नोंदी एकमेकांना साखळीने जोडलेल्या असतात. 1930 च्या फेरफारात जे गाव लिहिलंय, तेच आजच्या खतात लिहिलं नाही तर वकील मालकी सिद्ध करताना अडकतो. म्हणून जमीन विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने शिवाजीनगर हे अजूनही भांबुर्डाच आहे, आणि बँकेतला वकील कर्ज देताना त्याच नावाने शोध घेतो. अत्र्यांचा ठराव तिथवर पोचला नाही, आणि पोचला नाही तेच बरं.

मग शिवाजीनगर लोकांच्या तोंडी इतकं घट्ट कसं बसलं? रेल्वे स्टेशन शिवाजीनगर, एसटी स्टँड शिवाजीनगर, पोस्ट शिवाजीनगर, कोर्ट शिवाजीनगर. नाशिकहून, जुन्नरहून येणाऱ्या माणसाने कंडक्टरकडे ‘एक शिवाजीनगर’ मागितलं, की त्याच्यापुरतं नाव ठरलं. हिंगण्याचं कर्वेनगर झालं त्यामागेही असंच बळ आहे. महर्षी कर्व्यांची स्त्रीशिक्षणाची संस्था तिथं शतकाहून जास्त काळ उभी आहे. नाव नुसतं दिलं नाही, ते तिथं आधीच राहत होतं.

उलट उदाहरण स्वारगेटचं. चौकाला केशवराव जेध्यांचं नाव आहे. ब्राह्मणेतर चळवळीतला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातला हा मोठा माणूस. पण एसटीच्या पाटीवर स्वारगेट, पीएमपीच्या बसच्या पाटीवर स्वारगेट, मेट्रोच्या नकाशावरही स्वारगेट. जेध्यांच्या वाट्याला पुतळा आणि फलक.

फर्ग्युसन रस्त्याचं प्रकरण थोडं नाजूक आहे, कारण तिथं नवं नाव खरोखर शोभणारं होतं. 2 जानेवारी 1885 ला कॉलेज सुरू झालं आणि त्याला मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांचं नाव दिलं गेलं. पुढे रस्त्याला नाव मिळालं नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ. गोखले त्याच कॉलेजात शिकवत होते, आणि 1905 साली त्यांनी काढलेला भारत सेवक समाज त्याच परिसरात आहे. इतकं चपखल नाव पुण्यात दुसऱ्या कुठल्या रस्त्याला क्वचितच मिळालं असेल. पण तिथं जाऊन रिक्षावाल्याला ‘गोखले पथ’ म्हणून पाहा.

‘कुठला गोखले?’
‘अहो, वैशालीपाशी.’
‘मग एफसी म्हणा की!’

वैशाली, रूपाली ही हॉटेलं, कॉलेजचं गेट या खुणा जोवर तिथं आहेत तोवर गोखल्यांचा निभाव लागणं कठीण. कॉलेजचं नाव फर्ग्युसनच राहिलं, आणि रस्ता कॉलेजच्या नावाने ओळखला जातो, साहेबाच्या नाही. आज एफसी म्हणणाऱ्या पोराच्या डोळ्यांपुढे गव्हर्नर येत नाही, कॉफी येते.

आद्याक्षरांचा रोग मात्र देशी नावांनाही लागलाय. सेनापती बापट म्हणजे मुळशी सत्याग्रहाचे नेते, टाटांच्या धरणात बुडणाऱ्या शेतकऱ्यांसाठी 1921 पासून लढलेले. त्यांच्या रस्त्यावर आज काचेची ऑफिसं आहेत आणि आतले लोक त्याला एसबी रोड म्हणतात. जंगली महाराज जेएम झाले, लालबहादूर शास्त्री एलबीएस, आणि अप्पा बळवंत मेहेंदळ्यांचा चौक नुसता एबीसी. पुस्तकं घ्यायला एबीसीत जाणाऱ्या कितीजणांना पेशवाईतल्या त्या सरदाराची आठवण होते? नाव टिकलं, माणूस गेला. रे गव्हर्नराचं नाव काढून टाकावं लागलं होतं, इथं तर काढायचीही गरज पडली नाही.

ठरावाशिवाय आलेली नावं मात्र चिवट. पुणेकरांनी देवांनासुद्धा सोडलं नाही: जिलब्या मारुती, सोन्या मारुती, भिकारदास मारुती, उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा, गुपचूप गणपती. प्रतिष्ठापनेच्या वेळी रक्त सांडलं म्हणून सदाशिव पेठेतला मुरलीधर खुन्या झाला, आणि हे नाव मंदिरवाल्यांनीही मुकाट्याने स्वीकारलंय. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली शिमल्याहून पुण्यात आलं, 1944 ला दिल्लीला गेलं. शिवाजीनगरचा तो चौक अजून सिमला ऑफिस. या नावांसाठी कुणी मोर्चा काढला नाही, आणि बदलायलाही कुणी धजावत नाही.

मेट्रोने तर यांतली काही नावं छापून कायम करून टाकली. कर्वे रस्त्यावर पूर्वी बसथांब्यापाशी पाण्याचा नळ होता, म्हणून नळ स्टॉप. नळ कधी गेला कोण जाणे. 2022 पासून त्याच नावाचं मेट्रो स्टेशन आहे. मार्गाचं एक टोक वनाज, म्हणजे पौड रस्त्यावरच्या एका कारखान्याचं नाव. उद्या तिथं एखाद्या थोर पुरुषाचं नाव द्यायचं ठरलं तर आधी तिकिटाचं मशीन, डब्यातली घोषणा आणि नकाशे बदलावे लागतील.

सगळीच जुनी नावं जपण्यासारखी असतात असं मात्र नाही. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं काढून त्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. इथं ‘लोकांच्या तोंडी बसलंय’ हे कारण चालत नाही, कारण ते नाव तोंडी बसवणारे एक आणि पत्त्यावर लिहून नोकरीच्या अर्जात जोडणारे दुसरे. तांबट आळी किंवा कुंभारवाडा म्हणताना तिथल्या कारागिराला अभिमान वाटू शकतो. तो निवाडा त्याचा त्यानेच करायचा, आळीचं नाव जपणाऱ्या आपल्यासारख्या हौशी मंडळींनी नाही.

आणि काही नामांतरं पुण्याला न शिवताच निघून जातात. 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. येरवड्यावरून तिकडे जाणाऱ्या रस्त्याला पुणेकर आधीपासून नुसता ‘नगर रोड’ म्हणत आलेत. पाट्या रंगवणाऱ्याला काम मिळालं. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्यांना शिव्या देताना एक अक्षरही बदलावं लागलं नाही.